तुमचे प्रश्न: सॅक घरी शिवायची की विकत घ्यायची?

मागच्या अंकात अंतूर आणि वेताळवाडीच्या किल्ल्यांवर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आली त्यात किल्ल्यांपेक्षा सामानाचीच चौकशी जास्त होती, काय विकत घ्यावं, काय घरी शिवलं तर चालतं, आणि कशात हात घालूच नये. या वेळी तीच पत्रं घेतलीत. नावं नेहमीसारखी दिलेली नाहीत, फक्त गावं दिलीत.

प्रश्न (लातूर): ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप झालाय, दर महिन्याला कुठंतरी जायचं ठरवायलोत. सॅक बघायला गेलो तर चांगली म्हणतात ती अडीच-तीन हजारांच्या पुढंच. घरी आईची पायमशीन आहे, आई ब्लाउज-परकर शिवते, मला पण सरळ टीप मारता येते. सॅक घरी शिवली तर स्वस्तात पडंल का, का उगाच कापड वाया जाईल?

उत्तर: पैसे वाचतील म्हणून शिवणार असशील तर आधीच सांगते, पहिली सॅक स्वस्तात पडत नाही. कारखानदार बक्कल हजारांनी घेतो, तू घेणार चार, फोमचा अख्खा शीट घ्यावा लागतो, चेन मीटरवर मिळते पण रनर वेगळे, आणि एक-दोन सुया मोडणारच. दिवसभराच्या भटकंतीची लहान सॅक बाजारात काहीशे रुपयांत मिळते, तिच्याशी तुझी बरोबरी पैशात होणार नाही. मापात मात्र होते, आणि मी शीव म्हणते ते मापासाठीच. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावून बघ, मित्राला धरायला सांग. ही झाली पाठीची लांबी, आणि ती उंचीवर ठरत नाही, सारख्याच उंचीच्या दोन पोरांत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. लहान तयार सॅक बहुतेक एकाच मापात येतात, मग कोणाची ढुंगणावर आपटते तर कोणाची बगलेत काचते, आणि तो बिचारा म्हणतो मला ट्रेक झेपत नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं पाणी. मराठवाड्यात पाऊस वर्षाला साधारण ७००-८०० मिलिमीटर, किल्ल्यांवरची टाकी हिवाळा सरत आला की भरवशाची राहत नाहीत, त्यामुळं माणशी तीन-चार लिटर पाणी खालूनच न्यावं लागतं. म्हणजे नुसतं पाणीच चार किलो, वर डबा, स्वेटर, बॅटरी, औषधं धरून सहा-सात किलो झालं समज. फ्रेम नसलेली घरगुती सॅक एवढं वजन नीट झेलते. आठ-नऊ किलोच्या पुढं गेलं की सगळा भार खांद्यावर येतो, तिथं पाठीला फ्रेम आणि कमरेला नीट पट्टा लागतो, आणि तसली मोठी सॅक तू विकतच घे किंवा कोणाची तरी माग, पहिल्याच कामात त्या भानगडीत पडू नको.

तर २० लिटरची शीव. रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी १५, उंची ४५, गुणाकार करून बघ, वीस लिटर येतात. कापड म्हणून दुकानात मॅटी माग, शाळेच्या दप्तराला वापरतात ते जाड पॉलिस्टर, आतून लेप असलेलं. ५८ इंच पन्ह्याचं एक मीटर पुरतं, त्यात पट्टे आणि पुढचा खिसा पण निघतो. पॅराशूट कापड दिसायला भारी आणि हलकं असतं पण मशीनखाली सरकतं, ते पुढच्या वेळी. आधी पेपरवर बेत कापून घे. टाचण्या लावू नको, लेपाला पडलेलं भोक बुजत नाही, कपडे वाळत घालायचे चिमटे लाव. सुई १६ नंबरची घे, दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा घामानं आणि पाण्यानं कुजतो. टाका मोठा ठेव, तीन मिलिमीटरच्या आसपास, ब्लाउजसारखी बारीक टीप मारलीस तर भोकं एकमेकांना चिकटून पडतात आणि ताण आला की कापड बरोबर त्याच रेषेत फाटतं.

खरी कसोटी पट्ट्याच्या वरच्या टोकाशी आहे, तिथं घाई करायची नाही. पट्टा कापडावर नुसता ठेवून टीप मारली तर तिथूनच उसवतो. त्याचं टोक पाठीच्या शिवणीत आत घाल, आतल्या बाजूनं मॅटीचाच तळहाताएवढा दुहेरी तुकडा लाव, वरून चौकोनी टीप आणि त्या चौकोनात फुली, मग शिवणीलगत आडवी टीप चार-पाच वेळा मागंपुढं. एवढे थर झाले की पायडल मारायचं नाही, चाक हातानं फिरवत एकेक टाका घ्यायचा, नाहीतर सुई गेलीच. पट्ट्यात स्पंज भरू नको, तो थोड्याच वेळात दबून पातळ होतो, १० मिलिमीटरचा इव्हीए फोम घाल, पट्टा सहा-सात सेंटिमीटर रुंद ठेव. नायलॉनच्या पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घे म्हणजे सुटत नाहीत. आणि सॅक वॉटरप्रूफ करायच्या मागं लागू नको, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणारच, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाल आणि सामान तिच्यात भर. खताच्या गोणीतली आतली पिशवी मात्र वापरू नको, कितीही धुतली तरी.

शिवून झाली की दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या भर, गच्चीचा जिना अर्धा तास चढ-उतर कर, मग वरची शिवण उजेडाकडं धरून बघ. सुईची भोकं लांबट झालेली दिसली तर तिथं अजून एक तुकडा लाव, डोंगरावर जायच्या आधी.

ब्रँडशिवाय डोंगर होतो का असं तू विचारलं नाहीस पण पत्रात ती शंका दिसते म्हणून सांगते. अमेरिकेत अ‍ॅपलेचियन ट्रेल नावाची डोंगरवाट आहे, साधारण ३५०० किलोमीटरची. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजींनी ती एकटीनं एका दमात चालून पूर्ण केली. अंगावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, ती पण एकाच खांद्यावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट, आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. पुढं त्या ती वाट परत पण चालल्या. तिच्यापुढं आपल्या सॅकचं लेबल काय घेऊन बसायचं.

प्रश्न (कन्नड): मी शिक्षिका आहे. दरवर्षी दिवाळीनंतर शाळेची मुलं पितळखोऱ्याला, गौताळ्याकडं नेतो. कुसळांनी पोरं अगदी बेजार होतात, मोज्यात, पँटीच्या खालच्या घडीत, सगळीकडं घुसतात, आणि परतताना बसमध्ये सगळे पायच खाजवत बसलेले असतात. ट्रेकचे गेटर, बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे ते, मिळतात म्हणे, पण चाळीस मुलांना कसे परवडणार?

उत्तर: मॅडम, घरी शिवण्यासारखी एकच गोष्ट सांगा असं कोणी म्हटलं तर मी गेटरच सांगेन. सरळ नळी, दोन इलॅस्टिक, संपलं.

आधी कुसळ काय करतं ते मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं. एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. ती पिळवटलेली शेपटी ओलीनं सुटायला लागते आणि पूर्ण बी गोल फिरायला लागतं, वाळली की परत पिळते. टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळं ते पुढं जातं, मागं येत नाही. जमिनीत घुसून उगवायची त्याची ही तऱ्हा, आपला मोजा मध्ये आला एवढंच. विणलेल्या मोज्यात भोकंच भोकं, म्हणून मोज्यावर मोजा चढवून उपयोग नसतो. पाहिजे ते घट्ट विणीचं गुळगुळीत कापड, ज्याला कुसळाला धरायला जागाच मिळत नाही. जुनी जीन्स बरेच जण वापरतात, ती टोचणं कमी करते पण कुसळं तिच्यात अडकून बसतात आणि मग काढत बसावं लागतं.

सगळ्यात चांगलं कापड मुलांच्या घरीच आहे, मोडक्या छत्र्या. छत्रीचं कापड घट्ट विणीचं, निसरडं आणि हलकं. मुलांना सांगा घरातल्या, शेजारच्या मोडक्या छत्र्या आणा, काड्यांपासून कापड सोडवा. मोठ्या छत्रीला आठ पाकळ्या असतात, दोन पाकळ्या जोडून एक गेटर, म्हणजे एका छत्रीत दोन मुलांची सोय. गेटर घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत आला पाहिजे, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर उंची, घेर पोटरीच्या मापापेक्षा चार बोटं जास्त. वर आणि खाली इलॅस्टिक. खालची कड बुटावर बसली पाहिजे, ती वर सरकू नये म्हणून पुढं पँटचा एक हुक शिवून तो बुटाच्या नाडीत अडकवायचा आणि तळव्याखालून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्यायची. पंक्चरवाला अशी ट्यूब फुकट देतो. सातवी-आठवीच्या मुलामुलींना कार्यानुभवाच्या तासाला हातशिलाईनंसुद्धा जमेल, कापड पातळ आहे.

आणि तुम्ही करतच असाल पण बाकीच्यांसाठी लिहिते, गौताळा अभयारण्य आहे, शाळा घेऊन जाताना वनखात्याला आधी कळवा. लेण्यांच्या आसपास आग्यामोहोळ असू शकतं, तिथं धूर, आरडाओरडा आणि अंगाला सेंट यातलं काही नको.

प्रश्न (बीड): माझा मुलगा आणि त्याचे मित्र धबधब्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराला धरून खाली उतरायचं, करायचं म्हणायलेत. हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनचा दोर आणलाय आणि गाडीच्या जुन्या सीटबेल्टचं हार्नेस, म्हणजे दोर बांधायला कमरेला-मांड्यांना घालायचे पट्टे, शिवून घ्यायचं चाललंय. म्हणतो, सीटबेल्ट गाडीत माणूस वाचवतो मग इथं का नाही. मला त्यातलं कळत नाही पण बरं वाटंना. तुम्ही कायतरी लिहा, तुमचं तो वाचतो.

उत्तर: भाऊ, तुम्हाला बरं वाटत नाही ते अगदी बरोबर आहे. हे मुलासाठी लिहिते, त्याला वाचू द्या.

बाळा, हे करायचं नाही. शिवायची हौस मला पण आहे, ह्या पानावर मी सगळ्यांना शिवा शिवा म्हणत असते, पण माझा हिशोब एकच असतो, ही वस्तू डोंगरावर फाटली तर काय होईल. सॅक फाटली तर सामान हातात घेऊन उतरू. गेटर फाटला तर पाय खाजवतील. हार्नेस उसवलं तर तू खाली पडशील. जे फाटल्यावर माणूस पडतो ते घरी शिवायचं नाही आणि कोणाचं जुनं घ्यायचं पण नाही.

सीटबेल्टचं बोलायचं तर तो एकाच अपघातासाठी बनवलेला असतो, मोठा झटका बसला की तो बदलायचा असतो. तुम्ही आणलेला कोणत्या गाडीचा, किती वर्षं उन्हात होता, कोणाला माहीत. आणि समजा पट्टी चांगली निघाली तरी शिवण कोण मारणार? हार्नेसवरची ती दाट आडवी शिवण कारखान्यात ठरलेल्या मशीनवर, ठरलेल्या टाक्यांची मारतात आणि नमुने ओढून तोडून तपासतात. बऱ्याच हार्नेसवर दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, झिजला की लगेच दिसावा म्हणून. आपल्या टेलरनं कितीही मजबूत मारली तरी ती किती किलोला सुटेल हे त्याला आणि तुला दोघांनाही सांगता येणार नाही.

दोराचं त्याहून वाईट आहे. हार्डवेअरमध्ये नायलॉन म्हणून देतात तो निळा-पिवळा दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, ते १६०-१७० अंशांच्या आसपास वितळतं, उन्हानं ठिसूळ होतं. उतरताना धातूच्या ब्रेकमधून दोर घासत जातो, तिथं चांगलीच उष्णता होते. रॅपलिंगच्या दोरावर ईएन १८९१ किंवा ईएन ८९२ असा युरोपीय मानक लिहिलेला असतो, हार्नेसवर ईएन १२२७७, कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेला बहुतेक २० ते २५ च्या दरम्यान. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा ताण, म्हणजे दोन हजार किलोच्या पुढं. साठ किलोच्या पोराला एवढं कशाला असं वाटेल, पण झटका बसतो तेव्हा ताण वजनाच्या कितीतरी पट वाढतो, आणि ओला दोर कोरड्यापेक्षा कमजोर असतो, धबधब्यावर तर तो ओलाच असणार.

खरंच शिकायचं असेल तर दहावी-बारावीनंतर बेसिक कोर्सची माहिती काढ. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून आहे, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून. तिथं कोर्समध्ये दोर-हार्नेस संस्थाच देते आणि बांधायला, तपासायला पण शिकवते. तोपर्यंत अनुभवी संस्थेबरोबर, त्यांच्या सामानावर जा. आणलेला दोर वाया जात नाही, कपडे वाळत घालायला चांगला आहे.

प्रश्न (धाराशिव): आमच्या आईच्या हातच्या गोधड्या आहेत, जुन्या लुगड्यांच्या. मुक्कामाच्या ट्रेकला स्लीपिंग बॅग घ्यावी का गोधडीच न्यावी? मित्र हसतात.

उत्तर: हसू द्या. गोधडीत खोट एकच, वजन. तीन-चार लुगड्यांची गोधडी सहज दोन-अडीच किलो भरते, आणि सुती असल्यामुळं दव पडलं की पाणी धरते आणि दिवसभर वाळत नाही. गाडीरस्त्यापासून तासाभरावर मुक्काम असेल तर खुशाल न्या, पण एक करा, ती अंगावर घेऊ नका, अंगाखाली घाला. आपल्या अंगाखालचा कापूस, फायबर, पिसं काहीही असो, ते वजनानं दबतं, आतली हवा निघून जाते आणि ऊब संपते. ऊब धरून ठेवते ती हवा. गोधडी मुळातच घट्ट असते त्यामुळं ती खाली दबून फार बिघडत नाही. तिच्याखाली इव्हीए फोमची गुंडाळायची चटई टाका. हवा भरायच्या गाद्यांच्या नादी लागू नका, आपल्याकडं जिथं तिथं बाभळीचा काटा आहे.

अंगावर घ्यायला नवीन पांघरूण शिवा, आणि ते आईच शिवून देतील. रे जार्डिन नावाचा एक अमेरिकन माणूस, एरोस्पेसमध्ये काम केलेला, मोठा क्लाइंबर, त्यानं हेच सांगितलं की झोपायच्या पिशवीची खालची बाजू दबून फुकट जाते तर ती वाहायचीच कशाला, वरचं पांघरूण ठेवा आणि खाली चटई. हलक्या सामानावर चालणारे बरेच लोक आता तसंच झोपतात. सव्वादोन मीटरला थोडं कमी लांब, एक मीटर चाळीस रुंद असे पातळ पॉलिस्टर कापडाचे दोन तुकडे, मध्ये २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, फायबर वॅडिंग, जॅकेट-रजई शिवणाऱ्यांकडं मिळतं. सगळं मिळून किलोच्या आसपास भरतं. खालची दोन वीत बाजू शिवून पायांसाठी खोळ करा.

आईंना एक गोष्ट मात्र आधी सांगा. गोधडीला धावदोरा दाट घालतात, तेच तिचं देखणेपण आहे, पण इथं दाट टाके घातले की फायबर दबलं आणि ऊब गेली. फूटभर अंतरावर लांब टाके, वॅडिंग सरकू नये एवढ्यापुरतेच. त्यांचा हात थांबणार नाही, म्हणून खडूनं रेघा मारून द्या. आमच्याकडच्या डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो, स्वेटर, कानटोपी, मोजे घालून हे पांघरूण त्याला पुरावं, तरी आधी एक रात्र गच्चीवर झोपून बघा. हिमालयात जाणार असाल तर हे नको, तिथं स्लीपिंग बॅग विकत किंवा भाड्यानं घ्या, आणि घेताना तिच्यावर दोन तापमानं लिहिलेली असतात त्यातलं कम्फर्टचं बघा, लिमिटचं नाही. लिमिट म्हणजे आकसून पडून कशीबशी रात्र निघते ते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): तंबू घ्यायचा विचार आहे. एक जण म्हणतो ताडपत्री ने, काठीला बांध, झालं.

उत्तर: कधी आणि कुठं झोपणार त्यावर आहे. साधी एचडीपीई ताडपत्री १२० जीएसएमची, तीन बाय तीन मीटरची घेतली तर किलोभर भरते, दोघांचा साधा तंबू अडीच-तीन किलो. सिलिकॉन लेपाचं पातळ नायलॉन मिळालं तर तेवढंच छत चारशे-साडेचारशे ग्रॅममध्ये होतं, फक्त नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, पॉलिस्टरचं तसं होत नाही. छत शिवणं सोपं, चौकोन आहे, चार कोपऱ्यांना आणि मधल्या कडांना दुहेरी तुकडे आणि कड्या, मधली जोडशिवण जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दोन टिपांची.

पण छत शिवा असं मी सरसकट सांगणार नाही आणि त्याचं कारण पाऊस नाही. आपले डोंगर खडकाळ आहेत, विंचू आणि फुरसं दोन्ही भरपूर, खास करून पावसाळ्यात आणि त्याच्या आगंमागं. उघड्या छताखाली जमिनीवर झोपणं मला पटत नाही. चारी बाजूंनी चेन लागणारा, खाली तळ असलेला तंबू त्यासाठी विकत घ्या, चेनवाली गोल दारं आणि जाळी घरी शिवणं किचकट असतं आणि एक फट राहिली तरी उपयोग नाही. तंबूच्या लेबलवर १५०० किंवा २००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, आपल्या पावसाला तेवढं पुरे. गावातल्या देवळात विचारून झोपणार असाल तर दोन्ही नको, नुसती मच्छरदाणी न्या. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका, कुठंही झोपलात तरी.

प्रश्न (परभणी): बूट? मोची मजबूत करून देतो म्हणतो.

उत्तर: बूट विकत घ्या, आणि संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात तेच खरं माप. अंगठ्यापुढं बोटभर जागा. नवीन बुटाला मोच्याकडून कडेनं तळ शिवून घेतला तर चांगलंच, नुसता डिंक आपल्या उन्हाला टिकत नाही. कपाटात दोन-चार वर्षं पडून राहिलेले पीयू (पॉलियुरेथेन) तळाचे बूट मात्र एकदम ट्रेकला काढू नका, त्यांचा तळ आतून भुसभुशीत झालेला असतो, वरून कळत नाही, आधी गावात दोन दिवस घालून बघा.

प्रश्न (नांदेड): कोल्ड्रिंकच्या डब्याची स्पिरिटवर चालणारी चूल करायला शिकलोय. माहूरला न्यावी का?

उत्तर: चूल चालते, पण उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझली समजून कोणी वर स्पिरिट ओततं आणि भाजतं, नाहीतर डबा कलंडतो. वाळलेलं गवत आणि जंगल आहे तिथं नकोच. घरून दशम्या, शेंगाची चटणी आणि थर्मासमधून चहा न्या.

प्रश्न (जालना): माझं घरी शिलाईकाम आहे, ब्लाउज, फॉल-पिको. ट्रेकला जाणारी मुलं सॅक दुरुस्तीला आणायली आहेत. ह्यात काम मिळंल का, आणि नेमकं काय शिवून विकावं?

उत्तर: ताई, काम भरपूर आहे, आणि माझ्या मते शिवण्यापेक्षा दुरुस्तीत जास्त आहे. लोक तीन हजारांची सॅक एका चेनपायी टाकून देतात. चेन बिघडली म्हणून आली की आधी दात बघा. दात शाबूत असतील आणि रनर गेल्यावर चेन मागून उघडत असेल तर चेन बदलायची गरजच नाही, रनर झिजून तोंड सैल झालेलं असतं. पक्कडीनं रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, एकदा ही बाजू एकदा ती, आणि चालवून बघा. नाही जमलं तर रनर बदला. रनरच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा नंबर असतो, सॅकला जास्त करून ५, ८ किंवा १० नंबर लागतात, हे तीन आणून ठेवा. त्याबरोबर इंचाची आणि पाऊण इंचाची पट्टी, दोन्ही मापांची बक्कल, पॉलिस्टरचा जाड दोरा, १६ आणि १८ नंबरच्या सुया.

विकायला म्हणाल तर गेटर, चेनच्या पिशव्या, पाण्याच्या बाटलीची पट्ट्याला अडकवायची खोळ, सॅकवर घालायचं पावसाळी कव्हर. सगळं मॅटी नाहीतर छत्रीच्या कापडात. दर ठरवताना मीटरचा हिशोब करू नका, वेळेचा करा, पट्टा बसवायला तासभर लागला तर तासाचे पैसे घ्या, त्या मुलांना नवीन सॅकपेक्षा ते कमीच पडतं. हार्नेस किंवा दोराचं काही शिवून द्या म्हणून कोणी आलं तर घेऊ नका, कितीही पैसे देत असला तरी. आणि पट्टा बदलून देताना जुन्या पट्ट्याचं बक्कल कापून डब्यात टाकत जा, गिऱ्हाइकाला विचारून, बऱ्याचदा पट्टाच गेलेला असतो आणि बक्कल पुढच्या कामाला येतं.